घळीच्या काठचा अर्ज

घळीच्या काठावरची घरं हलवायची होती. अर्जांच्या रांगेत शिक्षिकाबाईंच्या पुढे दोघी मैत्रिणी बोलत होत्या.

"तुझ्या सासूबाई ऐकत नव्हत्या ना?"

"छे! म्हणायच्या, ही घळ कोरायला हिमनदीच्या पाण्याला हजारो वर्षं लागली, मला चार पुरेत."

"अगं, पण यंदा बर्फ किती वितळला! पाणी दगडगोटे आणतंय, कडा तासतंय."

"तासलाच. आमचं न्हाणीघर गेलं."

"मग?"

"म्हणाल्या, धबधबा आहे की."

"आणि आता हा अर्ज?"

"परवा मामंजींची खुर्ची खाली गेली. ते वारल्यापासून ती काठावरच होती. सकाळी सासूबाईंनी सही केली."

"रडल्या?"

"नाही. नव्या घरातून नदी दिसते का, एवढंच विचारलं."

"दिसते?"

"नाही."

"मग काय सांगितलंस?"

"दिसते म्हटलं."

रांग हलली, तशा शिक्षिकाबाई एक पाऊल पुढे सरकल्या.