सात वर्षांचा खाडा

(कॉलेजचं कार्यालय. सकाळचे साडेदहा. अकराला आतल्या खोलीत मुलाखती आहेत.)

हेमसिंग : पेन्सिलीनं लिहून ठेवलं मी सारं. तू फक्त वरून पेन फिरव, सही कर अन् बाहेरच्या बाकावर जाऊन बस.

प्रसेनजित : काय लिहिलंय ते वाचू तर द्या, हेमसिंगभाऊ.

हेमसिंग : वाचाले काय हाय त्यात? बीएस्सी, एमएस्सी, सेट, पीएचडी. बराबर हाय. मंग दोन हजार पंधरा ते बावीस, खंड. बावीसपासून आजलोक आपल्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर. झाला अर्ज.

प्रसेनजित : खंड?

हेमसिंग : खंड म्हंजे मधात काही केलं नाही.

प्रसेनजित : खंड म्हणजे काय ते मला समजतं. ती सात वर्षं मी इथिओपियात शिकवत होतो. सहायक प्राध्यापक म्हणून गेलो, चार वर्षांनी सहयोगी प्राध्यापक झालो, शेवटची दोन वर्षं विभागप्रमुख होतो. तिथल्या विद्यापीठाचं प्रमाणपत्र तुमच्या हातात दिलं होतं.

हेमसिंग : देल्लं नं. तिथंच तं घोडं अडलं. हे पाय, काय लिव्हलं? 'दोन हजार आठ ते दोन हजार चौदा.' दोन हजार आठमधी तू कुठी होता? ह्याच टेबलासमोर! बीएस्सी पास होऊन टीसी न्याले आल्ता. ते टीसी माह्या अक्षरात हाय. अन् हा कागद म्हनते का तू आफ्रिकेत प्राध्यापक होता.

प्रसेनजित : त्यांचं कॅलेंडर आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागं चालतं. त्यांचं आठ म्हणजे आपलं पंधरा. किती वेळा सांगू?

हेमसिंग : मले समजाले तीन दिवस लागले बाप्पा. आतमधी पाच मानसं बसेल हायेत, त्याहिले पाच मिन्टात कोन समजावनार? अन् नाव पाय. 'प्रसेनजित इंद्रभान.' आडनाव कुठी गेलं?

प्रसेनजित : तिथं आडनाव नसतंच. माणसाचं नाव, मागं बापाचं नाव. संपलं.

हेमसिंग : कोनालेच नाही?

प्रसेनजित : शिपायापासून विद्यापीठाच्या अध्यक्षापर्यंत कोणालाच नाही.

हेमसिंग : म्हंजे तिथीबी अध्यक्ष असते काय?

प्रसेनजित : आपल्यासारखा संस्थेचा नाही. आपण कुलगुरू म्हणतो त्याला ते अध्यक्ष म्हणतात. त्याला पीएचडी लागते, शिकवलेलं लागतं.

हेमसिंग : हळू बोल नं बे! आपले अध्यक्ष भिंतीच्या तिकडं बसेल हायेत.

प्रसेनजित : ऐकू द्या.

हेमसिंग : हेच तुहं वाकडं हाय. आयक. बाहेरदेशचा अनुभव लिव्हला का समकक्षतेचं पत्र लागते. ते तुह्यापाशी नाही. पत्र नाही तं अर्ज अपूर्ण, अपूर्ण म्हंजे बाजूले. खंड लिव्हला तं पत्रच लागत नाही. सहायक प्राध्यापकाची पक्की जागा हाय, एकच हाय, नऊ वर्सांनं निंघाली. अन् खरं सांगू? 'सहयोगी' हा शब्द आतमधी टोचते. प्रभारी प्राचार्य वीस वर्सं झाले सहायकच हायेत. बढतीची फाईल कुठी अडकली, त्याहिलेच मालूम नाही. अन् त्याहिच्या पुढं तू सहयोगी म्हनून उभा राहशीन?

प्रसेनजित : मी कुठं म्हणतो मला सहयोगी करा? सहायक करा. व्याख्याता म्हणा. इंग्लंडमधला व्याख्याता अमेरिकेतल्या सहायक प्राध्यापकाच्या तोडीचा धरतात. पद एका देशातून दुसऱ्या देशात गेलं की खाली-वर होतं, त्याचं मला काही वाटत नाही. पण केलेलं काम कोणी पुसत नाही हो! तिथं माझ्यासोबत एक जर्मन बाई होत्या. त्या सांगायच्या, त्यांच्याकडं पीएचडीच्या वर अजून एक मोठा प्रबंध लिहिला की शिकवायचा हक्क मिळतो, पण नोकरी मिळेलच असं नाही. मिळालेली उपाधी टिकवायला काहीजण वर्षानुवर्षं फुकट तास घेतात.

हेमसिंग : फुकट? मंग आपले तासिकावाले तं जर्मनीचेच निंघाले!

प्रसेनजित : तिथं निदान दारावर नाव तरी असतं.

हेमसिंग : तुले तं इथं दारच नाही. म्हनून सांगतो, पेन फिरव. कारनबी लिव्हलं मी. खंडाचं कारन लागते नं खाली. सोपं लिव्हलं, 'वडिलांचे आजारपण'. बाप आजारी म्हटलं का समिती मान हालवते अन् पुढं जाते.

प्रसेनजित : माझे बाबा आजारी?

हेमसिंग : कागदावर रे!

इंद्रभान : जयभीम, बाबू. येऊ काय आत?

हेमसिंग : अरे, जयभीम, जयभीम! या इंद्रभानभाऊ, बसा. तुमचंच नाव निंघालं.

इंद्रभान : पाहटंच्या गाडीनं निंघालो इंझोरीहून. रिसोडले पुढची गाडी चुकली, मंग जिपीत बसलो सोयाबीनच्या पोत्याइवर. प्रसेनजित, हे घे तुहं तिकडचं कार्ड, तू मांगतलं होतं ते. पेटीत होतं, तुह्या मायच्या फोटोखाली. काहून रे, तोंड काहून असं?

प्रसेनजित : काही नाही बाबा. तब्येत कशी हाय तुमची?

इंद्रभान : माही? मले काय झालं?

प्रसेनजित : सात वर्सं आजारी होते म्हनते तुमी. बाबूनं लिव्हलं अर्जात.

हेमसिंग : अबे, असं फोडून सांगतेत काय!

इंद्रभान : सात वर्सं? हा तिकडं होता तवा? बाबू, त्या सात वर्सात म्या दोन पाझर तलाव खंदले, रस्त्याची गिट्टी फोडली. दवाखान्याची पायरी चढलो ते ह्याच्या मायसाठी. माह्यासाठी एक गोळी नाही घेतली.

हेमसिंग : मले मालूम हाय भाऊ. तुमचं पोरगं हट्टी हाय म्हनून ही युक्ती काढली. तिकडचा अनुभव लिव्हला तं अर्ज बाजूले पडते. नाही लिव्हला तं आत जाते. आत गेला का काम होते, एवढं वजन ह्याच्या शिक्षनात हाय. मंग पक्की नोकरी, रिटायर होईलोक.

इंद्रभान : पक्की?

हेमसिंग : पक्की.

इंद्रभान : मंग लिव्हा नं! मी आजारी तं आजारी. मेला म्हनून लिव्हा, मले चालते. प्रसेनजित, कायले आडून बसला? अडतीस वर्साचा झाला तू. तासागनिक किती दिवस शिकोशीन?

प्रसेनजित : बाबा, तुमचं आजारपन खोटं लिव्हलं तं तुमी हासून सोडून देसान. माहं तसं नाही. तिथं अल्माझ नावाची पोरगी होती. आमच्या विभागात सगळ्यात खालच्या पायरीवर लागली, नुसती पदवी झालेली मदतनीस. ज्वारीवरच्या काणी रोगावर आम्ही दोघांनी चार हंगाम काम केलं, तिच्याच गावच्या शेतात. तिची व्याख्याता झाली ती माझ्या हाताखाली. आता जर्मनीत पीएचडी करते. मी खंडात होतो तर तिला शिकवलं कोणी? सांगा नं, हेमसिंगभाऊ, कोणी शिकवलं?

हेमसिंग : तिले इथं कोन इचाराले येऊन राह्यलं?

प्रसेनजित : मी विचारून राह्यलो!

इंद्रभान : थांब, वरडू नोको. बाबू, माह्या आजारपनाचं समजलं. ह्याचं काय लिव्हलं? हा कुठी होता म्हनून?

हेमसिंग : कुठीच नाही. खंड लिव्हला.

इंद्रभान : खंड म्हंजे?

हेमसिंग : म्हंजे आता कसं सांगू तुमाले... तुमच्या रोजगार हमीच्या हजेरीपटात मुकादम लिव्हते नं, मानूस नाही आला का, तसा खाडा.

इंद्रभान : खाडा?

हेमसिंग : तसंच समजा.

इंद्रभान : पन हा तं होता तिथी.

हेमसिंग : होता नं भाऊ. कोन नाही म्हनते?

इंद्रभान : होता, तरी खाडा?

हेमसिंग : कागदापुरता.

इंद्रभान : बाबू, मले लिव्हता येत नाही, पन खाडा वळखू येते. गोल काढून मधात फुली मारे तो मुकादम. एकडाव माह्या नावापुढं मारली. म्या दिवसभर तलावाच्या पाळीवर दगड रचले अन् सांजच्याले पाहतो तं फुली. म्हनला, चूक झाली, उद्या तुहे दोन दिवस भरतो, आता चूप राह्य. म्या म्हटलं, उद्याचं उद्या. आज मी इथं होतो. माह्या हातचे दगड त्या पाळीत हायेत, मोजून घे. नाही खोडलं त्यानं. मंग त्याच्या सायकलीच्या चाकापुढं बसलो. सारे मजूर घरी गेले, हा धाकला होता, मायच्या कडेवर. ते बी बसली. दिवस बुडता बुडता खोडली त्यानं फुली.

प्रसेनजित : हे मले कधी सांगतलं नाही तुमी.

इंद्रभान : तुवा तरी सारं सांगतलं काय? हे कार्ड पोस्टानं मायले धाडलं, मले नाही. म्या रस्त्यात पाह्यलं उलटंपालटं करून. इंग्रजी हाय. बाबू, वाचून दाखव.

हेमसिंग : द्या. डॉक्टर प्रसेनजित इंद्रभान. सहयोगी प्राध्यापक. विभागप्रमुख, वनस्पतिशास्त्र.

इंद्रभान : माहं नाव काहून त्यात?

प्रसेनजित : तिथं तशीच रीत हाय, बाबा. आडनाव नाही. माहं नाव अन् मांगं तुमचं.

इंद्रभान : कार्डावरच?

प्रसेनजित : दारावरच्या पाटीवरबी. प्रश्नपत्रिकेवर, पोराइच्या निकालावर. हाक मारताना नुसतं डॉक्टर प्रसेनजित म्हनत. कागद आला का मांगं तुमी.

इंद्रभान : सात वर्सं?

प्रसेनजित : सात वर्सं.

इंद्रभान : अन् आडनाव नाही इचारलं कोनं?

प्रसेनजित : एकडावबी नाही.

हेमसिंग : इथं तं खुर्चीत बसाच्या आंधी इचारतेत. पूर्ण नाव सांगा म्हनतेत. पूर्ण नावात त्याहिले काय आयकाचं हाय, ते आपल्याले समजते भाऊ. मी तांड्यावरून आलो, इथंच शिपाई लागलो, क्लार्क झालो, बडेबाबू झालो. एकतीस वर्सात साहेब बदलले, इचारनं नाही बदललं.

इंद्रभान : मले आंधी काहून नाही सांगतलं रे?

प्रसेनजित : मायले फोनवर सांगतलं होतं. ते म्हने, तू स्वतः सांग बापाले, समोर बसून. मी आलो तवा ते गेली होती. मंग राहूनच गेलं. जीव नाही झाला.

इंद्रभान : हं.

हेमसिंग : पानी देऊ काय भाऊ?

इंद्रभान : पानी नोको. खोडरबर हाय काय तुमच्यापाशी?

हेमसिंग : इंद्रभानभाऊ, तुमी तरी इचार करा. आता म्हनले, मेला लिव्हा.

इंद्रभान : मले मारा नं, कोन नाही म्हनते! पन ह्याचा खाडा नाही लिव्हाचा. हा हजर होता. अन् हा काय एकटाच हजर होता? मीबी होतो मांगं. आता तूच सांगतलं वाचून.

प्रसेनजित : द्या भाऊ, खोडरबर.

हेमसिंग : नीट इचार कर, पोरा. नऊ वर्सांनं जागा निंघाली. पुढची निंघनार तवा तुही उमर निंघून जाईन.

प्रसेनजित : जाऊ द्या. माझा अर्ज बाजूला ठेवायचा तर ठेवू द्या त्यांना. पण लेखी ठेवा म्हणावं, कारण लिहून. 'हा माणूस सात वर्षं सहयोगी प्राध्यापक होता, म्हणून आम्ही त्याला सहायक घेत नाही,' असं लिहा आणि खाली पाच जणांनी सह्या करा. तो कागद मी फ्रेम करून लावतो. दार नाही तर नाही, भिंत तर आहे घरी.

हेमसिंग : तू लय माजला त्या इथिओपियात.

प्रसेनजित : माजलो नाही. सवय झाली.

हेमसिंग : कायची?

प्रसेनजित : सरळ उभं राहायची. झालं, हे घ्या. 'दोन हजार पंधरा ते बावीस, सहायक आणि नंतर सहयोगी प्राध्यापक, इथिओपिया.' पेनानं लिहिलं. कारणाच्या रकान्यात रेघ मारली. बाबांची तब्येत ठणठणीत आहे.

इंद्रभान : हां. आता बराबर.

हेमसिंग : आन इकडं. शिक्का मारतो.

प्रसेनजित : घेता?

हेमसिंग : घ्याचं नाही तं काय करू? आवक नंबर टाकतो, रजिस्टरमधी चढवतो, पोच देतो तुह्या हातात. एकडाव नंबर पडला का कागद कोनाच्या बापाले गायब करता येत नाही. नाही म्हनाचं असन तं त्याहिले सह्या करून नाही म्हना लागन. पात्र-अपात्र ते पाह्यतीन. तुले समितीपुढं उभं करनं माहं काम हाय, ते मी करतो. कॅलेंडरचंबी सांगतो. तीन दिवस घातले त्यात, वाया कायले जाऊ देऊ?

प्रसेनजित : तुमच्यावर रागावतील आतले.

हेमसिंग : रागावतीन तं रागावतीन. दीड वर्स राह्यलं माहं. अन् तुले काय वाटलं, तुही सात वर्सं खोडाले मले लय आवडत होतं? म्हनून तं पेन्सिलीनं लिव्हलं, लेका.

इंद्रभान : बाबू, अकरा वाजले.

हेमसिंग : वाजले. पहिला नंबर तुहाच हाय, प्रसेनजित. शर्टाची कॉलर नीट कर. मी दारात उभा राहून पुकारा करतो, मंग तू आत जाजो.

प्रसेनजित : यादीत आडनाव आधी आहे नं?

हेमसिंग : यादी माह्या हातची हाय. ते कार्ड अजून माह्यापाशीच हाय. भाऊ, तुमी इथंच, दाराशी उभे राहा. हां. सहयोगी प्राध्यापक, डॉक्टर प्रसेनजित इंद्रभान!

इंद्रभान : हजर.