सरकलेलं केंद्र

खुशालराव : पेशी? कोन्त्या तारखेची? गुरुजी, आमचा त कोर्टात दावाबिवा काही नाही!

मोरोपंत : कोर्टाची नव्हे हो. कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी. अकोल्याच्या शाळेत तुमच्या वच्छलेला विज्ञान मीच शिकवतो.

खुशालराव : तिची शाळा सुटली ना! डोळ्यानं दिसत नाही म्हने, मामाकडून निघूनच आली. महिना झाला, गुलाबपाणी घालून राहिलो.

मोरोपंत : असं सांगितलं तिनं?

वच्छला : मंग काय सांगू?

मोरोपंत : तिचे डोळे चांगले आहेत, खुशालराव. मी सूक्ष्मदर्शकातून पेशी दाखवत होतो. आकार राखणारी भिंत दाखवली, आतला रस दाखवला. मग काळ्या कडेचा एक गोल दाखवून म्हणालो, हे केंद्र, पेशीचा सगळा कारभार याच्या हाती. तर ही उठली...

वच्छला : मी म्हनलं, काच हलली का हा गोल भिंत ओलांडून पल्याडच्या पेशीत जाते. घरचा कारभारी असा भिंतीतून जाते काय? हा हवेचा बुडबुडा हाय. केंद्र म्हंजे तो भिंतीले टेकलेला फिका ठिपका.

मोरोपंत : पोरं हसली. माझं डोकं फिरलं.

खुशालराव : काय म्हनले तुमी तिले?

(मोरोपंत उपरण्याचं टोक चाचपत बसतात.)

मोरोपंत : म्हणालो, कापूस वेचणाऱ्यांच्या डोळ्यांना कापूसच दिसायचा. बस खाली, आंधळे.

खुशालराव : अन् मी इथं चांगल्या डोळ्यात औषध घालून राहिलो.

मोरोपंत : परवा एकटाच होतो, काचेला टिचकी मारली. गोल सरकला. अकरा वर्षं मी पोरांना बुडबुडा शिकवला हो! तोंड दाखवायची लाज वाटते. इकडे येताना तेल्हाऱ्याच्या मोटारीतून दोनदा उतरणार होतो. वच्छले, चुकलो मी. मॅट्रिकला दोनच महिने उरलेत, परत चल.

वच्छला : हे तुमी वर्गात सांगसान?

मोरोपंत : वर्गात? अगं, घरी येऊन सांगितलं ना?

वच्छला : आंधळी त मले वर्गात म्हनलं.

खुशालराव : वच्छले, गुरुजी हायेत ते.

वच्छला : हायेत ना, बाबा. म्हनूनच.

मोरोपंत : सोमवारी सांगतो. पहिल्याच तासाला. येशील ना?

वच्छला : येते. मी मांगच्या बाकावर बसते, गुरुजी. जरा मोठ्यानं सांगजा.