बाकाला घट्ट धरून

हॅलो?… हो, बाबाच बोलतोय… बागेतच आहोत. अगं ऐक ना, आता फोन ठेवू नकोस… नाही, रडत नाहीये कोणी. तुझी ठमी दोरीच्या जाळीवर चढलीये… वर म्हणजे पार वर. टोकाला.

…हळू बोल, ऑफिसात आहेस ना तू?… नाही, उतरवायला जाणार नाही. कबूल केलंय तिला. ‘आजोबा, हात लावायचा नाही’ म्हणाली… सहा वर्षांची असली म्हणून काय झालं? शब्द तो शब्द.

…बघितलंय मी सगळं. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, एवढी जाळी तपासता येत नाही होय मला? बोल्ट हलवून पाहिले, दोर ओढून पाहिले, खाली चांगली दोन वीत वाळू आहे… घसरगुंडीचा एक बोल्ट सैल होता, तिकडे फिरकूच दिलं नाही. सैल बोल्ट हा धोका, उंची म्हणजे नुसती उंची… पडली तर खरचटेल. फार तर हात मोड… बरं, राहिलं.

…थांब. अडकली गं… पाय खाली चाचपडतोय, दोर सापडत नाहीये… नाही जात म्हटलं ना. बाकाला घट्ट धरून बसलोय… भीती? वाटतेय की. म्हणून तर म्हटलं, फोन ठेवू नकोस. तू बोलत राहिलीस तर मी उठणार नाही.

…हो. तुला कधीच चढू दिलं नाही, माहितीये. दुसऱ्या पायरीवर गेलीस की उचलून घ्यायचो. आणि आता तू स्टुलावरसुद्धा चढत नाहीस, बल्ब जावईबापू बदलतात… हसतेस काय? चुकलंच माझं, बाळा.

…थांब, थांब. डावा पाय टेकला. आता उजवा… हां… उतरतेय अगं. आपली आपण… शेवटी उडी मारलीन शहाणीनं. तोंडात वाळू गेलीये, बाकी शाबूत.

…आता तुला रडायला काय झालं?… देतो की. ठमे, आईचा फोन… ठमे… छे, ती परत चढायला लागलीसुद्धा.

…काय?… आत्ता? अर्धी रजा टाकून?… मोठ्यांचंही वजन पेलते की जाळी, पाटीवर लिहिलंय तसं… अगं, कोण हसतंय तुला? मी बसलोय ना इथे…

बरं, ये मग. चपला नकोत, बूट घालून ये. ठेवतो.