बटण समोरच लागेल

—नाही, मॅडम, फोनचा माइक म्हणाल तिथं लपवतो, पण बटण लपवणार नाही. बटण समोरच लागेल. इथं, स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला, पाठ सीटवरून न उचलता बोट पोचेल असं. मिस्टरांना दिसेल? दिसू दे. त्यांना काय सांगायचं ते तुम्ही बघा. दुसरीकडं जाल तर लावूनही देतील खाली, गुडघ्यापाशी, कुणाला पत्ता लागणार नाही. पण मी लावत नाही. आधी लावायचो. आता नाही लावत.

बसा ना, त्या स्टुलावर बसा, उभ्या कशाला राहता, पाऊण तास तरी लागेल. माइकची काळजी सोडा. हा बघा, शर्टाच्या गुंडीएवढा आहे. छतातला हा दिवा आहे ना, त्याच्या कडेला फट असते, तिच्यात बसवतो, तोंड तुमच्याकडं करून. वरून एवढासा स्पंज, म्हणजे एसीचा वारा लागून घूंघूं होत नाही. वायर छताच्या कापडाच्या आतून, मग काचेशेजारच्या या खांबातून खाली. हे खांबाचं कव्हर लोक पेचकसानं उचकटतात आणि कडा खाऊन टाकतात — आपण प्लास्टिकच्या पट्टीनं काढायचं, हळू, एकेक क्लिप. आणि खांबात ही गुंडाळी दिसते ना, ही अपघातात फुगणारी पिशवी. वायर हिच्या मागून न्यायची, पुढून नेली तर पिशवी फुगताना कव्हर तोंडावर येतं. म्हणून कुणीही केलं तरी मागून नेली का ते विचारायचं. तुमचं काम फिरतीचं, घरोघर जाऊन पेशंटचे व्यायाम करून घ्यायचे, फोन तर येणारच. आणि मिस्टर म्हणतात गाडीत फोन नको. बरोबरच म्हणतात ते. आमच्या वहिनीही हेच म्हणायच्या. गाडीत बसला की फोन बॅगेत, बॅग मागच्या सीटवर — हा त्यांचा कायदा. त्या स्वतःही कधी दादा गाडीत असला की फोन करायच्या नाहीत, काही झालं तरी नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. लिफ्टचा मेकॅनिक होता. माणूस लिफ्टमध्ये अडकला की पहिला फोन त्याला. आणि त्याची पद्धत अशी, की आत अडकलेल्याचा नंबर घ्यायचा आणि तिथं पोचेपर्यंत त्याच्याशी बोलत राहायचं. तुमचं नाव काय, मुलं किती, सकाळी काय खाल्लं — काहीही. माणूस अंधारात एकटा असला की दहा मिनिटांत वेडापिसा होतो म्हणायचा, आवाज तुटता कामा नये. आता गाडी चालवता चालवता हे करायचं म्हणजे एक हात कानाला. म्हणून मीच म्हटलं, आण गाडी, बसवून देतो. तर म्हणाला, बसव, पण तुझ्या वहिनीला दिसता कामा नये. हसलो आम्ही दोघं. वहिनींना फसवण्यात आम्हाला लहानपणच्या चोऱ्यांसारखी मजा वाटायची. माइक असा बसवला की मलाच नंतर शोधावा लागला. फोन मागं बॅगेतच, पण आला की दोन रिंगनंतर आपोआप उचलला जायचा, आणि एक बटण, दाबलं की शेवटचं बोलणं ज्याच्याशी झालं त्याचा नंबर लागायचा. ते बटण मी खाली लावलं. स्टिअरिंगच्या खाली, आतल्या बाजूला. वहिनी शेजारी बसल्या तरी दिसणार नाही असं. फार नाजूक काम झालं होतं. दादानं पाठीवर थाप मारली होती.

आवाज तर असा यायचा मॅडम — तो बोलत असला की मागं इंडिकेटरची टिकटिक ऐकू यायची. वायपर काचेवर कोरडा घासला तरी कळायचं. मी गिऱ्हाइकांना सांगायचो, दादाला फोन लावून ऐकवायचो.

ती पट्टी द्या बरं जरा. हं.

आई तेव्हा त्यांच्याकडं होती. विसरते ती. म्हणजे आधी चष्मा विसरायची, मग गॅस, मग एक दिवस वहिनींनाच विचारलं, तुम्ही कोण, कुणाकडं आलात. सगळं वहिनी करायच्या, अंघोळीपासून. एका सुट्टीच्या दिवशी दादा आईची औषधं आणायला गेला होता आणि येताना तलावाच्या कडेच्या रस्त्यानं येत होता. मी फोन केला. मीच केला, काही काम नव्हतं, सहज. तर तो म्हणाला, बरं झालं केलास, मला बोलायचंच होतं, आईला चार महिने तुझ्याकडं ने. हिला आता उभं राहवत नाही, कंबर गेलीय हिची. मी म्हटलं, कसं नेऊ, माझी वर एक खोली, जिना उभा, खाली दिवसभर ठोकाठोक. तो म्हणाला, बघ काहीतरी. मी म्हटलं, मी एकटा माणूस, बाईमाणसाचं कसं करणार. तो म्हणाला, आई आहे ती, बाईमाणूस काय. आणि मग मी बोललो. म्हटलं, तुम्हाला दोघांना ती नकोशी झाली असेल तर सरळ तसं सांगा, कंबर कशाला पुढं करता.

गप्प झाला. तो असाच होता, रागावला की भांडायचा नाही, उठून जायचा. जेवता जेवता उठून जायचा. गाडीत असला तर गाडी बाजूला घ्यायचा, उतरायचा, दार आपटायचा आणि पायीच चालत सुटायचा थोडा वेळ. तर म्हणाला, ‘ऐक, तू —’ आणि मग खडीचा आवाज आला, करकर करत, गाडी रस्त्याच्या कडेला घेतली की येतो तसा. मग धप्प. मोठा नाही. दार लावल्यासारखा. आणि मग इंडिकेटरची टिकटिक. झालं, म्हटलं, उतरला. आपटलं दार आणि गेला. मी म्हटलं, ‘बस गप्प. तुला तेवढंच येतं.’ आणि ठेवला फोन.

तो वळणावरून खाली गेला होता, मॅडम. खडी पसरली होती रस्त्यावर, दुरुस्तीची. गाडी घसरली, खाली झुडपांत जाऊन एका कुशीवर पडली. रस्त्यावरून दिसत नव्हती. जुनी गाडी, त्यात या पिशव्याबिशव्या काही नव्हत्या. तीन तासांनी डांबर टाकणारी माणसं आली, त्यातला एक जण उतारावर गेला लघवीला, त्याला दिसली. तोवर संपलं होतं सगळं. डॉक्टर म्हणाले, लगेच नाही गेले. तासभर असावेत. पाय अडकले होते, रक्त जात राहिलं.

तासभर.

त्या तासाभरात मी काय करत होतो सांगू का, एका गाडीला स्पीकर बसवत होतो. गाणी लावून बघत होतो. रागातच होतो, म्हटलं त्याला गरज असेल तर तो करेल फोन, मी का करू. एकदा, फक्त एकदा केला असता तरी दोन रिंग झाल्या की आपोआप उचलला गेला असता. माझ्याच हातचं होतं ते. त्याला काही दाबायला लागलं नसतं, नुसतं बोलायचं होतं. सुट्टी म्हणून ऑफिसचा फोन नाही, आणि वहिनी तर तो गाडीत असताना करतच नाहीत. पोलिसांनी सांगितलं, त्या वेळात एकही फोन आलेला नाही. शेवटचा तुमचाच.

आणि बटण. गाडी पोलिसांच्या आवारात ठेवली होती, मी गेलो बघायला. स्टिअरिंग खाली दबलं होतं, त्याच्या मांड्यांवर. बटण त्याच्या मागं. बोट जाईल एवढी जागा नव्हती. तिथलं प्लास्टिक ओरबाडलेलं होतं, मॅडम, नखांनी. बराच वेळ. वर लावलं असतं, आता तुमचं लावतोय तिथं, तर हात मोकळे होते त्याचे. वरचं सगळं शाबूत होतं. दाबलं असतं तर शेवटचा नंबर लागला असता. माझा.

मी त्या आवारात बसून माइक काढला, बटण काढलं, सगळी वायर ओढून घेतली. हवालदारानं विचारलं, काय करता. म्हटलं, माझं सामान आहे.

फोन मी ठेवला, हे कुणाला माहीत नाही. पोलिसांना लिहून दिलं तेव्हा मी सांगितलं, बोलता बोलता रेंज गेली. आणि खरं सांगायचं तर मलाही तेच वाटायला लागलं होतं. दार आपटून गेला असं वाटलं म्हणून ठेवला, त्यात माझी काय चूक, कुणालाही वाटलं असतं, हो ना? कुणालाही. पण टिकटिकीबरोबर एक — म्हणजे श्वास होता. घशातून येतो तसा. दोनदा. मी ऐकला. दार लावून बाहेर गेलेल्या माणसाचा श्वास आत कसा ऐकू येईल? माझाच माइक, त्यात काय काय ऐकू येतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? मला वाटलं, आतच बसलाय फुगून, मुद्दाम बोलत नाहीये. आणि म्हणून तर म्हणालो, बस गप्प. म्हणजे दार आपटून गेला असं नव्हतंच वाटलं मला. ते नंतर जुळवलं मी.

दिवा लावून बघतो हं. लागतोय. कव्हर बसलं. बघा, दिसतोय का माइक? नाही ना.

वहिनींना? वहिनींना मी सांगितलं, दादानं गाडी थांबवून फोन केला होता, आईची औषधं मिळाली म्हणाला, निघतो म्हणाला, तुमच्यासाठी काय आणू विचारत होता. त्यांना तेवढं तरी राहू दे म्हटलं. त्याही म्हणाल्या, हो, थांबवूनच केला असेल, माझं ऐकायचे ते. आई आता माझ्याकडंच असते, वर. बघा, चार महिन्यांसाठी जिना उभा होता, आता दीड वर्ष झालं. मीच उचलून आणतो खाली. मला दादाच समजते ती. धाकटा येत नाही का रे कधी, म्हणते. येईल म्हणतो. वहिनी आठवड्यातून एकदा येतात, कमरेला पट्टा बांधून, तिचं डोकं धुवायला, चादरी बदलायला. मी म्हणतो, नका येऊ, मी करतो. येतात. आणि जाताना तुम्ही बसलात त्या स्टुलावर बसतात आणि विचारतात, भाऊजी, काय म्हणाले होते हो ते शेवटी. मी सांगतो. दर वेळी थोडं वाढतं त्यात. एकदा हसला म्हणालो. एकदा म्हणालो, तुमची कंबर कशी आहे त्याबद्दल बोलला.

गेल्या खेपेला माझ्या तोंडून गेलं, वळणावर आवाज जरा तुटत होता.

वहिनी चहा पीत होत्या. कप खाली ठेवला. म्हणाल्या, ‘थांबलेल्या गाडीला वळण कुठलं, भाऊजी?’ मी म्हटलं, म्हणजे आधी, थांबायच्या आधी. त्या म्हणाल्या, ‘आधी फोन बॅगेत होता ना?’ त्यांनी पुढं विचारलं नाही. वर गेल्या, आईच्या वेण्या घातल्या, जाताना कप धुऊन ठेवला. दारात म्हणाल्या, ‘मी पुढच्या आठवड्यात येते.’ बस. ओरडल्या असत्या तर बरं होतं. आठवडाभर मला तो धुतलेला कप उचलवला नाही.

रडू नका, मॅडम. मी तुम्हाला हे का सांगत बसलो, मलाच कळत नाही. बटणाचं विचारलंत तुम्ही, तेवढंच सांगायचं होतं.

झालंय तुमचं. आता गाडीत बसा आणि कुणाला तरी फोन लावून आवाज कसा जातो बघा. मला नको, मी दुसऱ्या टोकाला ऐकत नाही. मिस्टरांनाच लावा, मी सांगतो, लावा त्यांनाच. काय होईल फार तर, भांडतील. भांडू देत. पण फोन ठेवायच्या आधी —

थांबा, नको. गाडी काढा तुम्ही, घरी जाऊन बघा. सरळ घ्या, डावीकडं नाली आहे. पैशाचं नंतर बघू, निघा. गल्लीच्या तोंडाशी जरा हळू, त्या पट्टा बांधलेल्या बाई येतायत ना पिशवी घेऊन, त्यांना आधी येऊ द्या.

या, वहिनी. द्या ती पिशवी इकडं. नाही, वर नंतर जा, आई झोपलीय. बसा. या स्टुलावर बसा. शटर ओढून घेतो मी अर्धं, गिऱ्हाईक येईल कुणीतरी. वहिनी, दादानं गाडी थांबवली नव्हती.