कौतुक करून परत केलेली पोर

नाही, तुम्हीच सांगा, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पाळणाघरात सोडलेली पोर दहाच्या आत परत देतात का कुणी? मी कारखान्यात मशिनवर बसून पहिल्या शर्टाची कॉलर जोडतेय, तोच फोन! म्हटलं, पडली का, ताप भरला का? धावत गेले, तर पाळणाघरातल्या मावशी दारातच उभ्या. कडेवर माझी दीड वर्षाची लेक, मावशींच्या केसांत भात, आणि तोंडभर हसू! "अगंबाई, काय फुल ऑफ लाइफ आहे गं तुझी मुलगी!"

म्हटलं, मग झालं काय?

"काही नाही गं, जरा जास्तच फुल ऑफ लाइफ आहे... उद्यापासून नको आणूस."

आता मराठीत "कार्टी आहे" म्हणाल्या असत्या, तर भांडता तरी आलं असतं! इंग्रजीत म्हणाल्या, मग काय, मी आपली "थँक्यू" म्हणून पोर घेऊन निघाले!

तिथून नणंदेकडे. दार वाजवलं, पोर दिली, जिना उतरून फाटकापर्यंत पोचतेय न पोचतेय तोच वरून हाक, "वहिनीऽऽ! कसली फुल ऑफ लाइफ आहे हो ही!" वर बघते तर नणंदेच्या एका हातात माझी लेक, दुसऱ्या हातात स्वतःच्या चष्म्याची काडी. नुसती काडी!

मला मेलीला काळजी, हिला काही झालं तर नाही ना? अशी कशी ही दमत नाही? नेली डॉक्टरांकडे. त्यांनी छाती तपासायला नळी लावली, तर हिने नळीच ओढून धरली. "अहो बाई, काही झालेलं नाही, फुल ऑफ लाइफ आहे... नळी सोडवा आधी! पुढचा पेशंट!"

इकडे सुपरवायझर बाईंचं एकच, "सोमवारी दिसली नाहीस, तर मशीन दुसरीला देणार." किती मिनतवारीने मिळालंय हो ते काम! आणि आज शुक्रवार...

तर तुमच्या ओळखीत कुणी मूल सांभाळणारी असेल, तर तिच्या कानावर घाला ना. आणि हे बघा, फुल ऑफ लाइफ वगैरे काही बोलू नका. शांत आहे म्हणा. सोमवारी संध्याकाळपर्यंत तरी खरं वाटेल तिला.