शेवट सांगायचा न्हाय

मंडळी, दारात उभं हायत त्यांनी आत या. तालमीचा हॉल आपलाच हाय. माझ्या हातात माईक दिलाय खरा, पण काय बोलायचं ते सुचंना झालंय. आधी चौघं बोलली, चौघांचाही गळा दाटून आला. माझा गळा दाटलेला न्हाय. माझं डोकं फिरलंय. वहिनी, तुमच्यासमोर तोंडातनं काय वेडंवाकडं गेलं तर आत्ताच माफी मागून ठेवतो.

पहिल्यांदा हे मागचं डिजिटल बॅनर. सुकुमार पांढराधोट सदरा घालून हसतोय. कुणी घातला हा सदरा त्याला? त्यानं जन्मात पांढरं घातलं न्हाय. कुशनचं दुकान त्याचं. गाड्यांच्या सीटा शिवून, रेक्झिन चिकटवायचं सोल्युशन लावून सदऱ्याचा रंग कुठला आणि डाग कुठला ते वहिनींनाबी सांगता यायचं न्हाय. आणि वर पुढाऱ्यांचे फोटो सुकुमारच्या फोटोपेक्षा मोठे. मेलाय कोण आणि जिवंत कोण, बाहेरनं येणाऱ्या पावण्याला कळायचं कसं?

आणि मघाशी कोण तरी म्हणालं, "एक कलाप्रेमी व्यक्तिमत्त्व हरपलं." अहो, कसलं व्यक्तिमत्त्व? तो फुकट पिच्चर बघायचा! टॉकीजच्या फाटक्या खुर्च्या शिवून द्यायचा, त्याच्या बदल्यात शुक्रवारचा पहिला खेळ त्याला मोकळा. एवढीच ती कला. पिच्चर पडला, रडका निघाला, डोक्यावरनं गेला, तर बाहेर येऊन एकच बोलायचा, "खुर्ची चांगली हुती." त्याचा त्यावर अभिप्राय संपला.

पण मंडळी, ह्या माणसाला एक रोग हुता. पिच्चर बघितला की शेवट सांगायचा. शुक्रवारी तीनला खेळ सुटला की चारला अख्ख्या रस्त्याला शेवट म्हाईत. खुनी कोण, हिरोईन कुणाची, बाप कुणाचा. गिऱ्हाईक सीटकव्हर बघायला आलं की आधी शेवट ऐकायचा आणि मग रेक्झिन बघायचं.

आणि मी फौंड्रीत कामाला. मला सुट्टी सोमवारी. म्हणजे शुक्रवार ते सोमवार मी ह्याच्यापास्नं तोंड चुकवत हिंडायचो. दुकान टाळायला ओढ्याच्या बाजूनं सायकल घालायचो. तरी गाठायचाच. लांबनं ओरडायचा, "दत्त्या, त्यो पोलीसच की रे—" की मी दोन्ही कानांत बोटं घालून ओरडायचो, "शेवट सांगायचा न्हाय!" ह्या रस्त्यावर तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय ते. गणपा, तू शेजारच्या टपरीत चहा गाळता गाळता हसायचास. हसायचास का न्हाय? व्हय म्हण.

मग सोमवारी हाच माणूस माझ्याबरोबर तोच पिच्चर परत बघायला यायचा. आणि बघू द्यायचा न्हाय. कोपरानं ढोसायचा. "आता बघ. आता बघ." अरे, बघालोय की! डोळं फोडून घेऊ का?

बाकी त्याचं डोकं चालायचं, हे मान्य करायला पाहिजे. टीव्हीवरच्या कॉमेडीला तो शिव्या द्यायचा. तिथं कोचावर बसलेला पावणा विनोदाच्या आधीच हसून घेतो. सुकुमार म्हणायचा, "हसायला पगारी माणसं ठेवल्यात, आपण कशाला तोंड दुखवून घ्यायचं?" मोबाईलवर ते शेवट समजावून सांगणारे व्हिडिओ निघाले तवा तर दोन दिवस भडकून हुता. म्हणाला, "शेवट सांगावा, समजावून काय सांगायचा? समजला न्हाय तर त्यो शेवट कसला?" मला वाटतं खरं दुखणं वेगळंच हुतं. त्याचा धंदा बुडवला त्या पोरांनी.

आणि कॉमेडी पिच्चरचा त्याचा एक नियम हुता. कॉमेडीचा शेवट गोडाऊनमध्येच होतो. सगळी एकमेकांच्या मागं पळत्यात आणि कोण तरी पिठाच्या पोत्यात पडतो. "गोडाऊन दिसलं की चप्पल शोधायला लागायचं," म्हणायचा.

तर आता मुद्द्यावर येतो. मला राग कशाचा आलाय ते सांगतो.

गेल्या मंगळवारी रक्षाविसर्जनाला आपण सगळी घाटावर हुतो. मी म्हणालो, "असा कसा अचानक गेला रे?"  तर सगळी पाण्याकडं बघायला लागली. मला वाटलं, दुःख हाय. मी परत म्हणालो, "अचानकच की." तवा गणपानं माझा हात धरला. म्हणाला, "दत्तूमामा, अचानक न्हाय. दिवाळीपास्नं दुखणं हुतं. डॉक्टरांनी सांगितलंतं."

दिवाळीपास्नं! गणपाला म्हाईत. मेडिकलवाल्याला म्हाईत. तालमीतल्या सगळ्यांना म्हाईत. मघाशी ज्या चौघांचा गळा दाटला, त्या चौघांनाबी म्हाईत. म्हाईत न्हवतं कुणाला? मला! जो एरवी रोज त्याच्या दुकानात पायावर पाय टाकून बसायचा, त्याला!

अरे, ह्या उचगावात कुणाच्या पोटात काय राहतंय का? कुणाच्या पोरीला बघायला पावणं आलं, तर त्यांनी बशीत चहा ओतायच्या आत मला बातमी असती. आणि हे? हे बरं पचलं तुम्हाला! दिवाळी गेली, शिमगा गेला. माझ्यासमोर हसत हुता, बोलत हुता. तो बारीक झाला तर मी म्हणालो, "काय सुक्या, हिरो व्हायचंय का आता?" आणि तुम्ही हसला. माझ्याबरोबर हसला तुम्ही!

मी गणपाची कॉलर धरली तिथंच. घाटावर. चूक बरोबर नंतर बघू. म्हणालो, "मला का सांगितलं न्हाय?" तर हा म्हणतोय, "सुकुमारअण्णांनी शपथ घातलीती. म्हणालते, दत्त्याला शेवट सांगायचा न्हाय. त्याला आवडत न्हाय."

मंडळी, ज्या माणसानं माझ्या आयुष्यातला एक पिच्चर धड बघू दिला न्हाय, त्यानं हा एकच शेवट राखून ठेवला. माझ्यासाठी. का तर मला आवडत न्हाय!

सुक्या, अरे, मी पिच्चरचं म्हणत हुतो! पिच्चरचं! तुझं म्हणालतो का मी?

वहिनींनी मला विचारलं, "भावजी, कळलं असतं तर काय केलं असतं?" खरं सांगू? तोंड पाडून बसलो असतो दुकानात. डबा घेऊन आलो असतो, औषधाची वेळ विचारली असती, पिच्चर बंद केला असता. त्याला तेच नको असणार. एवढं मला कळतंय. मी काय खुळा न्हाय. पण कळलं म्हणून राग जातोय असं कुणी सांगितलं? न्हाय गेलेला. जाणारबी न्हाय. ज्याला पटंल त्यानं पटवून घ्यावं.

आता शेवटचा पिच्चर. मागच्याच्या मागच्या सोमवारी गेलतो आम्ही. कॉमेडी. शुक्रवारी तो बघायला गेलाच न्हवता. म्हणाला, कामाचा ढीग पडलाय. आता कळतंय, कसला ढीग हुता ते. पण मला काय आनंद! जन्मात पहिल्यांदा दोघंबी कोरे. कुणाला कायबी म्हाईत न्हाय. कोपर न्हाय, काय न्हाय, शांत बसलाता.

मध्यंतराला उठला. म्हणाला, "भजी बाधली वाटतं. मी रिक्षानं जातो, तू बघ." मी उठायला लागलो तर दंडाला धरून मला बसवलं. "बस. शेवट बघून ये. गोडाऊन असणार बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी हजर. आयुष्यात एकदा माझ्याकडं शेवट हुता आणि त्याच्याकडं न्हवता! म्हणालो, "सुक्या, ऐक." तर ह्यानं काय करावं? दोन्ही कानांत बोटं घातली. सोल्युशननं चिकट झालेली बोटं. आणि ओरडला, "शेवट सांगायचा न्हाय! सोमवारी सांग!"

मी हसलो. गणपा, तूबी हसलास. पण मग तू आत जाऊन चूल पुसायला लागलास. मला तवा कळलं न्हाय, पुसलेली चूल परत काय पुसतोस ते.

सोमवार काय त्याला मिळाला न्हाय. रविवारीच गेला.

आज सोमवार हाय, सुक्या. आता कानांतली बोटं काढ.

मंडळी, ज्यांना तो पिच्चर बघायचाय त्यांनी बाहेर जावा, मी थांबणार न्हाय. तर, गोडाऊन हुतं. तू म्हणालास तसंच. पिठाची पोतीबी हुती. ते दोन जुळे भाऊ, तो सासरा, तो व्हिलन, सगळी पळत पळत पिठात पडली. सगळी पांढरी. हीरो कोण, चोर कोण, कळंना. मग ती म्हातारी आई पाण्याची नळी घेऊन आली आणि एकेकाला धुवायला लागली. आणि धुतल्यावर काय निघालं? तिसरा भाऊ! जुळे न्हाय, तिळे! हे तुला सुचलं नसतं. पैज लावतो, सुचलं नसतं.

अख्खी टॉकीज हसली. मीबी हसलो, आणि सवयीनं कोपर मारलं बाजूला. ते खुर्चीच्या हाताला लागलं.

पिच्चर कसा हुता विचारशील, तर खुर्ची चांगली हुती.

चला, उठा सगळी. दोन मिनिटं शांत उभं राहायचंय. तुम्हाला काय अवघड न्हाय ते. गप्प राहायची सवय हाय तुम्हाला, दिवाळीपास्नं राहिलाय. आणखी दोन मिनिटं राहा.

फक्त ह्या वेळी मला पण तुमच्यात घ्या.