पत्र्यावर वाजलेलं नाणं

अवं, तुम्ही हसान, पण माह्या अंगावर काटाच आला. माही नात अमेरिकेत शिकून राह्यली. तिकडं एका दुकानात नाणी टाकली की मशीन कपडे धुते. तिथूनच ती मले फोनवर तोंड दाखवून बोलत होती. बोलता बोलता तिच्या हातातलं एक नाणं मशीनच्या पत्र्यावर पडलं अन् खणकन वाजलं.

मी ओरडली, "थांब वं! चांदी हाय ते! असा आवाज चांदीचाच!"

"काहीतरीच, आजी. दुकानात सुट्ट्यात आलं मले." तरी तिनं कडा पाह्यली. बाकीच्या नाण्यांची तांबूस, याची पांढरीफेक. "अय्या, खरंच! लय जुनं आहे. अजून चालते वाटते इथं."

"मंग पदरात बांधून ठेव."

"हे एक नाणं कमी पडलं तरी मशीन चालू होत नाही, आजी. याच्या जागी टाकाले दुसरं सुट्टं नाही. उद्या नोकरीची मुलाखत आहे, अन् शर्ट-मोजे सगळे मळलेत."

"मळकेच घाल!"

तेवढ्यात नाणं आत गेलंबी. अवं, लक्ष्मीपूजनाले आपण चांदीचा रुपया दुधानं धुतो, अन् ही पोरगी चांदीच्या नाण्यानं पायातले मोजे धुऊन राह्यली!